खांबाची सावली

मला खांब हवा होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी नवऱ्यावर एवढी का पेटले ते कुणाला विचारावं लागणार नाही.

सरकारी विजेचा, तारांचा खांब. आमच्या इच्चुपात्या गावच्या बाराही घरांना तो हवा होता, पण माझ्याइतका कुणालाच नाही. आमच्याकडे पावसाळा फेब्रुवारीत. त्या वर्षी नऊ दिवस सूर्य दिसला नाही आणि माझ्या पेटीतली अठ्ठावन्न अंडी सडली. ती गोठ्यामागे पुरताना वासानं मला दोनदा उलटी झाली. आमच्या या उंचीवर कोंबडी खुडूक बसायचं नाव घेत नाही, म्हणून गावातल्या बायका आपली अंडी माझ्याकडे आणून देतात. मी ती विजेच्या पेटीत उबवते. पिल्लं निघाली की निम्मी त्यांची, निम्मी माझी. अंडी सडली तेव्हा कुणी भांडलं नाही. फेलिसा तेवढी म्हणाली, "कोमाद्रे, पुढच्या वेळी उकडूनच खाऊ की. पोटात तरी जातील." तिच्या थोरलीला बाप्तिस्म्याला मी मांडीवर घेतलं होतं, म्हणून आम्ही एकमेकींना कोमाद्रे म्हणतो आणि टोमणे मारायचा तिला हक्क आहे. पण लागलं मला.

आता ही सोलरची भानगड सांगते. नऊ वर्षांपूर्वी एक योजना आली आणि घरटी एक प्लेट देऊन गेली. अंगणात सिमेंटमध्ये लोखंडी दांडा रोवला, त्यावर प्लेट. घरात बॅटरी, दोन दिवे आणि भिंतीवर एक डबी. डबीवर हिरवा ठिपका असला की वीज आहे. लाल लागला की डबी आपणहून वीज तोडते, बॅटरी मरू नये म्हणून. पहिलं वर्ष काय सांगू! रॉकेलचा धूर गेला, माझ्या सासूच्या डोळ्यांचं पाणी थांबलं, लेक शहरातून फोन करायची तर फोन चालू असायचा. बायका संध्याकाळी उगीचच एकमेकींच्या घरी जाऊन दिव्याखाली बसायच्या.

पण तो लाल ठिपका नेमका फुटबॉलचा सामना रंगात आला की लागायचा. मग एकेकानं डबी उपटून टाकली आणि तारा थेट बॅटरीला जोडल्या. पाणी आटलं की आत ओढ्याचं पाणी. चार वर्षांत अकरा बॅटऱ्या खलास. नवी आणून देणारं कुणी फिरकलं नाही. गावचा अध्यक्ष फाउस्तो, म्हणजे फेलिसाचा नवरा, त्याच्या घरी बॅटरीवर मेंढीचं कातडं टाकून पाहुण्यांना बसवतात.

आमची एकटी जिवंत राहिली, ती माझ्या नवऱ्यामुळे. इलारिओ आठवडाभराचं शिक्षण घेऊन आला होता आणि तिथं सांगितलेला शब्द न् शब्द त्यानं देवाची आज्ञा असल्यासारखा पाळला. बॅटरीला औषधाच्या दुकानातलंच पाणी. रोज सकाळी शिडी लावून डोक्यावरच्या लोकरी टोपीनं प्लेट पुसायची. मला इतक्या मायेनं त्यानं कधी हात लावला नाही, आणि हे मी त्याला तोंडावर सांगितलेलं आहे. तरी बॅटरी म्हातारी झालीच होती. दिवसभर ऊन खाल्लं तर रात्र काढायची, पहाटे लाल.

जूनमध्ये बातमी आली. खालच्या गावापर्यंत खांब पोचले होते, आणि विजेच्या खात्याची एक इंजिनिअरबाई गुरुवारी आमच्याकडे घरं मोजायला येणार होती. मंगळवारी दुपारी फाउस्तोनं शाळेच्या पटांगणात सभा घेतली.

"नीट ऐका," तो म्हणाला. "ज्याच्या अंगणात प्लेट, त्याच्या नावापुढं लिहितात, वीज आहे. आणि वीज आहे म्हटलं की खांब नाही. डोंगरापलीकडच्या गावाची आख्खी यादी अशीच कापली. तेव्हा गुरुवारी पहाटे प्लेटा खाली. दिवे, तारा, बॅटऱ्या, सगळं लपवायचं. बाराच्या बारा घरांनी."

"म्हणजे खोटं बोलायचं," इलारिओ मागून म्हणाला.

"कसलं खोटं? माझ्या घरात उजेड आहे का, इलारिओ?"

"तुझ्यात नाही. माझ्यात आहे."

"म्हणून तर तुला खरं बोलायची चैन परवडते!"

सगळे हसले. इलारिओचे कान लाल झाले, पण तो उठून उभा राहिला. "खांब खांब काय करताय? खालच्या गावाला विचारा. वारा सुटला की तार तुटते, चार-चार दिवस अंधार. दुरुस्ती करणारा येतो तेव्हा येतो. माझी बॅटरी रुसली तर मी स्वतः बघतो."

"तू बघ की रे तुझ्या बॅटरीकडे," मी तिथंच उठले. "फेब्रुवारीत काय बघितलंस? अठ्ठावन्न अंडी मी पुरली, तू नाही. मला खांब पाहिजे."

तो खाली बसला. मी जिंकले होते, पण लगेच मला पेटी आठवली. पेटीत त्या दिवशी चाळीस अंडी होती, सतरावा दिवस. शनिवार-रविवारपर्यंत फुटणार. गुरुवारी प्लेट उतरली की बॅटरी सकाळीच झोपणार, आणि आमच्या घरात जूनच्या हिवाळ्यात दुपारीसुद्धा पाणी हाताला चावतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा बायकांचे चेहरे उतरले, कारण निम्मी पिल्लं त्यांची.

सगळ्यांत म्हातारी आजी दोमितिला भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "छातीशी धरा. माझ्या सासूनं बदकाची सहा उबवली होती तशी. कामाला जात नव्हती, तेवढ्यापुरती."

"आजी, चाळीस अंडी? माझी छाती केवढी वाटली तुम्हाला?" मी म्हणाले.

"दहाजणी आहोत की," फेलिसा म्हणाली. "चार-चार घेऊ. एक दिवसाचं तर काम. अय्नी समज." अय्नी म्हणजे आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. बटाटे काढायला, छप्पर घालायला आम्ही ते करतोच. अंडी उबवायला आजवर कुणी केलं नव्हतं.

गुरुवारी पहाटे दंवानं सगळं पांढरं झालेलं. इलारिओनं प्लेट उतरवली ती एखाद्या दुखणेकऱ्याला बाजेवरून उचलावं तशी. ब्लँकेटात गुंडाळून त्यानं ती वाळल्या लेंड्यांच्या राशीत ठेवली आणि वर लेंड्या रचल्या. त्याची बोटं थंडीनं फुटून रक्त आलं होतं.

बायका आल्या. मी पेटीतून एकेक अंडं काढून त्यांच्या हातात दिलं आणि त्यांनी ती चोळीत, लोकरी शालीखाली, कातडीला लागून ठेवली. "हळू गं, गार हात लावू नकोस!" "माझ्या नवऱ्यानं इतकं जपून कधी ठेवलं नाही काही." हसत होत्या, पण बसल्या की जागच्या हलेनात. माझीही चार मी आत ठेवली. गरम होती. एकात काहीतरी हललं.

ऊन आलं तेव्हा मी दारात उभी राहून गावाकडे पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"फाउस्तो!" मी ओरडले. "अरे मेल्या, दांडे!"

प्लेटा सगळ्या उतरल्या होत्या. पण बारा अंगणांत बारा लोखंडी दांडे सिमेंटमध्ये तसेच उभे. सिमेंट फोडायला दोन दिवस लागले असते, आणि खालच्या वळणावर इंजिनिअरबाईची पिवळी टोपी दिसायला लागलेली. फाउस्तोनं डोक्याला हात लावला. मग तो धावत सुटला. "कपडे! घरातले सगळे कपडे बाहेर काढा! दांड्यांना दोऱ्या बांधा!" बघता बघता इच्चुपात्यात धुणं वाळत पडलं. न धुतलेलं. लग्नातले घागरे, चादरी, मेंढ्यांची कातडी, फाउस्तोची आतली विजार.

बाईचं नाव रोसाना. तिशीची असेल, गाडी नदीपाशी सोडून दोन तास चढून आलेली, ओठ निळे. हातात तिचं ते फोनसारखं मोठं यंत्र. फाउस्तोनं तिला आधी गरम सूप दिलं, मग घरोघरी फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक घराचा फोटो, घरधन्याचं नाव, आत जाऊन छताकडे बघायचं, लिहायचं.

त्या दिवसांत आमच्याकडे चुन्योचं, म्हणजे वर्षभर टिकणाऱ्या वाळल्या बटाट्यांचं, काम चालू असतं. रात्री उघड्यावर गोठवलेले बटाटे सकाळी अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढायचं. हे बायकापुरुष मिळून करतात. त्या दिवशी पुरुष एकटेच माळावर नाचत होते आणि आम्ही दहाजणी भिंतीच्या उन्हाला ओळीनं बसलो होतो, हात छातीवर, राण्यांसारख्या.

"मामिता," बाईनं मला मानानं हाक मारून विचारलं, "इथं बायका काम करत नाहीत का?"

"आज सण आहे, इंजिनिअरबाई," मी म्हणाले.

"कसला सण?"

फेलिसा पटकन म्हणाली, "बायकांचा." मागून माळावरचा एकजण फिस्सकन हसला. बाईनं आमच्याकडे पाहिलं, दोऱ्यांवरच्या कपड्यांकडे पाहिलं. "धुणं छान वाळतंय," एवढंच म्हणाली. माझ्या पाठीवरून घाम वाहायला लागला. घामानं अंडी गार पडतील की काय, ही आणखी एक काळजी.

दुपारी दोनपर्यंत अकरा घरं झाली. अकराही घरांपुढं तिनं लिहिलं, वीज नाही. फाउस्तो तिच्या खांद्यावरून वाचत होता आणि प्रत्येक वेळी आमच्याकडे बघून हळूच मान हलवत होता. बारावं घर आमचं. ती अंगणात आली, यंत्र वर धरलं, आणि यंत्र काळं पडलं.

तिनं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पिशवीतून दुसरी कसलीशी डबी काढून जोडली, तीही मेलेली. "थंडीनं गेलं," ती पुटपुटली आणि मटकन दगडावर बसली. "या आठवड्यात चार गावं केली. सगळं यातच आहे."

"मग कागदावर लिहा की," फाउस्तो म्हणाला.

"कागद चालत नाही. फोटो लागतात. आणि आज सहाच्या आत खिंडीत जाऊन पाठवायचंय, तिथंच रेंज आहे. आज यादी बंद होते." तिनं मान वर केली. "इथं कुठं चार्ज करता येईल? तासभर मिळालं तरी पुरे."

माळावरचे पुरुषसुद्धा तुडवायचे थांबले. वीज नाही असं लिहून घ्यायला वीज हवी होती, आणि ती आम्ही लेंड्यांत पुरून बसलो होतो. फाउस्तो स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत होता. अध्यक्ष ना तो! तोंड उघडायची हिंमत झाली नाही त्याची.

मी इलारिओकडे पाहिलं आणि मला कळलं हा काय करणार. मी मानेनं नको म्हटलं. डोळ्यांनी नको म्हटलं. उठून त्याचा हात धरला असता, पण छातीत चार अंडी.

तो राशीकडे गेला. लेंड्या बाजूला केल्या, ब्लँकेट काढलं, टोपीनं प्लेट पुसली आणि दगडी बांधाला उत्तरेकडे, आमच्याकडे सूर्य जिकडून जातो तिकडे, तोंड करून टेकवली. घरातून डबी आणि बॅटरी आणून तारा जोडल्या. हिरवा ठिपका लागला. बाईचं यंत्र त्यानं डबीला लावलं आणि दोन पावलं मागं सरकून हात बांधून उभा राहिला.

तासभर अंगणात कुणी हललं नाही. ऊन सरकलं की तो प्लेट थोडी सरकवायचा, बस. यंत्राचा पडदा उजळला तेव्हा अकरा घरं त्यात शाबूत होती. फाउस्तोनं छातीवर क्रॉसची खूण केली.

बाई उठली. "असे बोडके दांडे मी या आठवड्यात चार गावांत पाहिले," ती म्हणाली. "वाळत घातलेल्या विजारी मात्र इथंच. मी आंधळी नाही. पण त्या अकरा घरांत मी छत बघितलं, बॅटरीवर बसून सूप प्यायले. तिथं उजेड नाही, म्हणून 'नाही' असं लिहिलं." मग ती माझ्या नवऱ्याकडे वळली. आवाज मऊ केला, नावाआधी मानाचं दॉन लावलं. "माझ्या फॉर्मात दोनच रकाने आहेत, दॉन इलारिओ. आहे किंवा नाही. जे घरधनी सांगेल ते मी लिहीन. तुमच्या घरी वीज आहे का?"

बघा, त्या पोरीनं दार उघडं ठेवलं होतं. एक शब्द. नाही म्हणायचं. बॅटरी म्हातारी आहे, पहाटे मरते, पावसात नऊ-नऊ दिवस येत नाही, यातलं काय खोटं होतं?

"नाही म्हण," मी म्हणाले. मोठ्यानं म्हणाले, लाज सोडून. "इलारिओ, नाही म्हण!"

त्यानं प्लेटकडे पाहिलं. "आहे," तो म्हणाला.

तिनं लिहिलं.

आणि त्याच क्षणी माझ्या डाव्या छातीला बारीक टोचलं. मग पुन्हा. अंडं फुटत होतं. दोन दिवस आधी, माझ्याच घामात. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि चोळीतून चिवचिव येत होती. बाईनं दचकून पाहिलं. मग सगळ्यांनी. कुणी हसलं नाही.

ती खिंडीकडे गेली. प्लेट उन्हात होतीच, इलारिओनं पेटी पुन्हा चालू केली. बायका एकेक करून आत आल्या आणि अंडी ठेवून गेल्या. त्या रात्रीपासून रविवारपर्यंत चाळिसातून चौतीस पिल्लं निघाली. मी फेलिसाला निरोप धाडला, वाटा घेऊन जा. ती आली नाही. दुसरीही नाही. मी टोपली घेऊन दारोदार गेले तर म्हणाल्या, यंदा राहू दे, जागा नाही, मांजर आहे.

"मी भिकारीण आहे का?" फेलिसाच्या दारात मी ओरडले. "पिल्लं देऊन माझी समजूत काढताय? खांब तुम्हाला आणि चिवचिव मला?"

"ओरड, कोमाद्रे," ती म्हणाली. "मीही ओरडले असते." आणि तिनं माझ्या टोपलीला हात लावला नाही.

नवऱ्याशी मी अकरा दिवस बोलले नाही. बाराव्या दिवशी सूप वाढताना न राहवून विचारलं, "का रे? सांग तरी."

त्यानं चमचा खाली ठेवला. "नऊ वर्षं पुसली तिला," तो म्हणाला. "तिच्यासमोर नाही कसं म्हणू?"

माझ्यासमोर मात्र आहे म्हणता आलं! हे मी बोलले नाही. बोलून काय उपयोग होता?

पुढच्या एप्रिलमध्ये खांब आले. खड्डे खणायला, ओढायला इलारिओ सगळ्यांबरोबर गेला, खांद्याची सालं निघेपर्यंत. अकरा घरांत तारा गेल्या. पहिल्या दिवशी गावभर दिवे लागले तेव्हा मी दार लावून घेतलं. आमच्या अंगणाच्या उत्तरेच्या बांधाला लागून एक खांब उभा राहिला, पण त्याची तार आमच्या छपरावरून सरळ फेलिसाकडे गेली.

तेवढ्यानं भागलं नाही. दिवस लहान झाले, सूर्य खाली उतरला, आणि एका सकाळी इलारिओ शिडीवर टोपी हातात घेऊन नुसताच उभा दिसला. त्या खांबाची सावली आमच्या प्लेटवर पडली होती. प्लेटच्या मधोमध सावलीचा पट्टा पडला की सगळी प्लेट गप होते, हे मला तेव्हा कळलं. दहापासून एकपर्यंत हिरवा ठिपका नाही. पेटीत एकतीस अंडी.

दांडा हलवायला हवा होता. सिमेंट फोडायचं, पंधरा पावलं पूर्वेला नवा खड्डा, खाली सगळा खडक. इलारिओ एकटाच पहार घेऊन लागला. दिवसभरात वीतभर खड्डा झाला. संध्याकाळी त्याचे हात इतके थरथरत होते की वाटी मी धरली आणि तो सूप प्यायला. त्या वेळी माझ्या मनातला राग गेला असं नाही, पण तो कुणावर आहे ते मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर अंगणात आवाज. फाउस्तो, आणि त्याच्यामागं बाकीच्या दहा घरांतले पुरुष, पहारी, हातोडे, सिमेंटचं पोतं. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. फाउस्तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "खड्डा कुठं?"

दुपारपर्यंत खडक फुटला. दांडा उभा केला. फाउस्तोनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, इतक्या वर्षांत ज्यानं स्वतःची प्लेट एकदाही पुसली नव्हती त्यानं, आणि ओरडून विचारलं, "इलारिओ, बरोबर आहे का? तूच सांग."

माझा नवरा लांब उभा राहून डोळ्यांवर हात धरून सूर्याकडे, खांबाकडे आणि दांड्याकडे बघत होता. घाई नाही, काही नाही. अकरा माणसं त्याच्या शब्दासाठी थांबली होती.

"थोडं इकडे," तो म्हणाला. "अजून थोडं."

मी सूपाचं पातेलं घेऊन दारात आले होते. ते खाली ठेवलं आणि तिथंच उभी राहून रडले, सगळ्यांसमोर. मग डोळे पुसून आत गेले आणि पेटीचं झाकण उचलून बघितलं. अंडी अजून कोमट होती.